अम्माच्या गॅरेजातली फरशी

अहो बूट, विहीणबाई, बूट — बूट काढल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. गॅरेज आहे हे मलाही माहीत आहे, माझंच आहे, पण तुमच्या बुटांना बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात ते मीठ लागलंय, आणि त्यातला एक खडा जरी या फरशीवर घासला ना, तर माझा जीव वरखाली होईल. हं, ठेवा तिथं. हीटर लावलाय, पाय गारठायचे नाहीत. आणि तो डबा द्या इकडं — काय, खसखशीचा रोल? ईस्टर आठवड्यावर आलंय, घरात शंभर कामं असतील, आणि माझ्यासाठी रोल घेऊन तुम्ही तळ्यावरच्या या वाऱ्यात गाडी काढलीत? बरं झालं आलात. नाहीतरी मी बोलावणारच होते. म्हणजे — बोलावणार नव्हते खरं तर, आधी नातीला, दारियाला दाखवायची होती, मग तुम्हाला. पण आलाच आहात तर बघा. बघा की. कशी आहे?

नुसतं 'छान' म्हणून सुटका नाही. आणि तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतं बरं का — नातीनं अजून काही ठरवलेलं नाही आणि ही सिग्रून आधीच गुडघ्याला बाशिंग बांधून बसली. बसले. सप्टेंबरात पोरगी या गावात येणार, यायलाच हवं तिला — वर खाणीवर, आईबापांकडं, मुलींचा बर्फावरच्या हॉकीचा संघ नाही, आणि आता पंधरावं लागल्यावर मुलांच्या संघात तिला कोण खेळू देणार — आणि येणार म्हणजे एका आजीकडे राहणार, तुमच्याकडे नाहीतर माझ्याकडे, तिच्या अम्माकडे. आता तुमच्याकडे काय काय आहे? तुमच्या हातचे कोबीचे रोल आहेत, पत्ते खेळायला तुमचे मिस्टर आहेत, कुत्रा आहे, आणि गेल्या महिन्यात गॅरेजात त्या निळ्या टाइल्स टाकल्यात. मला कसं कळलं? अहो, गाव ते केवढं. हार्डवेअरच्या दुकानात शिरायचा अवकाश, काउंटरवरची म्हणते, तुमच्या विहीणबाई आत्ताच खोकी घेऊन गेल्या. आणि माझ्याकडे काय? खारवलेले मासे आणि मी. तेव्हा म्हटलं, सिग्रून, फरशीत तरी मागं पडायचं नाही. पोरीला रोज चकती मारायला जागा पाहिजे, जेवायचं काय, ती कुठंही जेवेल.

पण फरशी करायची म्हणजे काय खायचं काम आहे? मागच्या सुट्टीत आली होती तेव्हा इथं नुसता सिमेंटचा कोबा होता. त्यावर ती रबरी चकती जायचीच नाही पुढं — दोन हात गेली की उभी राहायची आणि गडगडत फ्रीजरखाली. आणि स्टिकची ती दशा. नवीकोरी स्टिक, खालची कड उंदरांनी कुरतडल्यासारखी झिजली. पोरगी चकार शब्द बोलली नाही. बोलत नाहीच ती, आजोबावर, माझ्या हाल्दोरवर गेलीय. तुमच्यावर गेली असती तर गाव गोळा केलं असतं — हसलात तरी, बरं वाटलं.

मग जानेवारीत माझ्या डोक्यात आलं, बर्फावरचा खेळ आहे ना, मग बर्फच करावा. सोप्पं. बाहेर उणे तीस, गॅरेजचं दार सताड उघडलं, नळी लावली आणि पाणी सोडलं. हाल्दोर आमच्या आयनारच्या लहानपणी मागच्या अंगणात असाच बर्फ करायचा, मी खिडकीतून कितीदा बघितलं होतं — आता बघणं वेगळं आणि करणं वेगळं, ते कळलं मला सकाळी. बर्फ झाला होता हो सुंदर. आणि त्या बर्फात गाडीची चारही चाकं, बर्फ ओढायचं फावडं आणि डीप फ्रीजर, सगळं घट्ट बसलेलं. गाडी बाहेर काढायची राहिलीच होती. लक्षातच नाही आलं. हीटर लावून, कोमट पाणी ओतून गाडी सुटेपर्यंत मी सगळीकडं पायी जात होते, आणि कुणी विचारलं तर सांगायची, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. चर्चमध्ये तुम्हीच म्हणालात ना, सिग्रूनबाई, तब्येत छान दिसतेय तुमची? ती ही तब्येत. आणि वर गंमत म्हणजे तो बर्फ कामाचाही नव्हता, साध्या बुटांनी त्यावर उभंसुद्धा राहता येईना.

मग आणला हार्डबोर्ड, वर पांढरा गुळगुळीत मुलामा असतो तो. वखारीतला माणूस म्हणाला, खाली अंथरा, वर फर्निचरचं पॉलिश फवारा, मग चकती कशी जाते बघा. फवारलं. आणि मारून बघितली — म्हणजे आपली सहज, दारियाची जुनी स्टिक कोपऱ्यात होती म्हणून. चकती सुळकन गेली आणि तिच्यामागून मीही गेले. सपशेल आडवी. कमरेत अशी कळ आली की हलता येईना, आणि फोन आत स्वयंपाकघरात. आता हाक कुणाला मारायची? तुम्हाला हसू येईल, मी हाल्दोरला हाक मारली. दोन वर्षं झाली त्याला जाऊन, आणि मी आपली — हाल्दोर, अरे हाल्दोर, येतोस का जरा. मग माझं मलाच हसू आलं. पडले होते थोडा वेळ. थोडा म्हणजे — दुपारची पडले होते, आणि डेलबर्ट आला तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. डेलबर्ट म्हणजे तो गावच्या रिंकवर, हॉकीच्या बर्फावर, मशीन चालवतो ना, तोच, माझ्या दारातला बर्फ ढकलायला आला होता म्हणून, नाहीतर — असो. आयनारला यातलं एक अक्षर सांगायचं नाही हं. कळलं की लेक लगेच सुरू होईल, आई, घर विकून टाक, आई, शहरात फ्लॅट बघू. आणि लारिसालाही नाही. तुमची लेक गुणाची आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही.

तर डेलबर्टनं मला उचलून खुर्चीत बसवलं, दोन शिव्या घातल्या आणि मग त्या बोर्डाकडं बघितलं. गाडीखाली वितळलेला खारट चिखल त्याच्याखाली शिरला होता, सगळ्या कडा पुरीसारख्या टम्म फुगलेल्या. म्हणाला, बाई, हे उचलून फेका. रिंकच्या कठड्याच्या जुन्या फळ्या काढून नवीन बसवतोय आम्ही, त्या देतो तुम्हाला. त्याच या, विहीणबाई. जाड पांढरं प्लास्टिक, चकती बर्फावर जाते तशीच यावर जाते आणि स्टिकची कडही खात नाही. सगळ्या स्क्रूंची डोकी आत दाबलीत, आणि भिंतीपाशी बोटभर फट ठेवलीय, कारण उन्हाळ्यात प्लास्टिक फुगतं. आता सांधा शोधा. हात फिरवा, शोधा. नाही ना लागत हाताला? तुमच्या टाइल्सचं तेच दुखणं आहे, वीत-वीतभरावर सांधा, चकती उड्या मारत जाते. मी नावं ठेवत नाही हं. ठेवतेय थोडीशी. आणि या काळ्या रेघा दिसतात ना, त्या घासून जात नाहीत, वर्षानुवर्षं आपटलेल्या चकत्यांच्या आहेत. एखादी हाल्दोरची नक्की असणार, त्याचा नेम गोलच्या जाळीपेक्षा कठड्यावरच जास्त बसायचा.

त्याची मासे धरायची जाळी इथं या भिंतीवर होती, आठवतात? देऊन टाकली. त्याचं ते अवजारांचं टेबलही दिलं. तेवढी जागा लागतेच हो, मागं सरकून मारायचं तर. आयनार खाणीवर गेला, हाल्दोर गेला, जाळी कशाला ठेवायची धूळ खात. आणि गाडी बाहेर. रोज सकाळी काच खरवडते, व्यायाम होतो. तुम्ही अशा बघू नका माझ्याकडं, मला काही जड नाही गेलं. संध्याकाळी इथं येते, दिवा लावते, दहावीस चकत्या मारते. घरात आवाज पाहिजे ना कसला तरी. तुमच्याकडं कुत्रा भुंकतो, मिस्टर टीव्हीवर ओरडतात — माझ्याकडं फ्रीजरची मोटर चालू झाली तरी मला वाटतं कोण आलं. पण ते आता सप्टेंबरपर्यंतच. दारिया इथं असली की सकाळी शाळेच्या आधी ठक ठक, आल्यावर ठक ठक, मीच म्हणेन, बाई, पुरे आता. हो ना? तुम्ही मारता का एक? घ्या स्टिक. नको? मग कोट तरी काढा.

काय झालं हो? मघापासून बघतेय मी. तुमच्या टाइल्सना एवढं बोलले आणि तुम्ही गप्प. एरवी मला सोडलं असतंत? तुमचे मिस्टर बरे आहेत ना? लारिसा? मग? — दारियाचा फोन आला होता? कधी, रविवारी? मला नाही आला. दर रविवारी करते, या रविवारी नाही केला, म्हटलं सामना असेल कुठं. ठरलं होय तिचं? मग सांगा की सरळ. तुमच्याकडं येतेय, एवढंच ना. अहो, त्यात तोंड पाडण्यासारखं काय आहे, आणि समजूत घालायला रोल कशाला आणायचा, मी काय कुक्कुलं बाळ — काय? तुमच्याकडंही नाही?

थांबा. परत सांगा. सास्काचेवानला? पार दुसऱ्या प्रांतात? तिकडं कोण आहे आपलं? शाळा. राहायची शाळा, तिथंच वसतिगृह, आणि शाळेचा स्वतःचा रिंक. रोज बर्फ. त्यांनी आपल्या दारियाला घेतलं? स्वतःहून बोलावलं तिला? अगंबाई. अगं बाई, स्टेफानिया. बस. त्या फ्रीजरवर बस, मला पण बसू दे जरा.

आणि तिनं तुला सांगितलं. तुला सांगितलं आणि मला नाही. का गं? काय म्हणाली, नीट सांग, ती बोलली तसं सांग. 'अम्मा एकटी असते.' हं. 'तू जाऊन बघून ये. अम्माला वाईट वाटणार असेल तर मी नाही जात शाळेत, मी अम्माकडं राहते.' असं म्हणाली? माझ्याकडं? तुझं नाव नाही घेतलं? — नाही, तुला टोचायला नाही विचारत गं. खरंच विचारतेय. माझ्याकडं राहते म्हणाली.

म्हणजे तू बघायला आलीस. मला वाईट वाटेल का ते बघायला आलीस, आणि मी मघापासून जाळी काय, हाल्दोर काय, पडले काय — सगळं ओतलं तुझ्यापुढं. आणि तू ऐकून घेतलंस. थांबवायचं नाही का मला, भवाने? आता मी नुसतं 'हो' म्हटलं की झालं. एक शब्द, आणि सप्टेंबरात पोरगी माझ्या घरात. केवढं सोपं करून ठेवलंय बघ तिनं. वाटतंय मला वाईट. स्टेफानिया, तुझ्यापाशी कशाला लपवू. पण ते तुला सांगितलं मी, तिला नाही सांगितलं.

आता नीट ऐक. आज तिला फोन कर आणि सांग, अम्मा हसली. म्हणाली, बरं झालं, मला हिवाळ्यात अ‍ॅरिझोनाला जायचं होतं, इथले निम्मे म्हातारे थंडी चुकवायला जातात तसं, या पोरीपायी इथंच अडकले असते. हो, अ‍ॅरिझोना. मला ऊन सोसत नाही ते तिला कुठं माहीत आहे. पटेल असं सांग, अडखळू नकोस, आणि तुझ्या मिस्टरांना फोनजवळ फिरकू देऊ नकोस, त्यांना खोटं अजिबात जमत नाही. तू ही फरशी बघितली नाहीस. मी पडले ते तू ऐकलं नाहीस. आणि ईस्टरला ती येईल ना, तिला तुझ्याकडंच ठेव. मी येईन जेवायला, मासे घेऊन येईन, गप्पा मारीन, पण या घरी आणायचं नाही तिला. मी ओळखते माझ्या नातीला. दारातून एकदा बघेल ही फरशी, आणि काही न बोलता शाळेला नाही म्हणून कळवून टाकेल. मग मी काय, इथं तिचं चकत्या मारणं ऐकत बसू रोज? नाही ऐकवणार मला ते.

नाही, रोल राहू दे, मी खाईन. कॉफी आज नाही करत, परत कधीतरी. आणि माझ्याकडं अशी बघत बसू नकोस, तुझ्या तोंडावर सगळं दिसतं, फोनवर ऐकूसुद्धा येईल. जा आता. पोरगी फोनपाशी बसली असेल.