मामाचं धनुष्य

मामाच्या धनुष्याचं तुम्हाला सांगितलंच नाही ना? मी बंगळुरूहून धनुर्विद्या शिकून बदलापूरला परत आले आणि जवळच्या जांभूळ गावातल्या मुलींना ती शिकवायला लागले. माझा हट्ट एकच, साहित्य इथलं आणि हातानं बनवलेलं हवं. आनंदनगरच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून गप्प गप्प असलेला माझा मामा त्या हट्टानं एकदम जागा झाला. कुळगावच्या घरात लाकूड तासून तासून त्यानं पहिलं धनुष्य केलं. दोरी चढवली, तर मधोमध तडा.

मामाचा चेहरा बघवेना. मी म्हणाले, "टाकायचं नाही हं! सरस भरू, वरून घट्ट दोरा गुंडाळू. शंभर टक्के चालेल."

दोन दिवसांनी त्यानं ते सांधून माझ्या हातात दिलं. "ओढून बघ."

मी दोरी गालापर्यंत आणली.

"डोळे का मिटलेस गं?"

मी दोरी हळूच सैल केली.

"पोरींनाही असंच डोळे मिटून शिकवणार?" मामानं धनुष्य काढून घेतलं आणि गुडघ्यावर धरून मोडलं.

मला वाटलं, संपलं. आता हा पुन्हा टीव्हीसमोर बसणार. पण मामा घरभर नजर फिरवत झोपाळ्यापाशी थांबला आणि फळीची जाडी बोटांनी मोजायला लागला.

मामी स्वयंपाकघरातून धावत आली आणि झोपाळ्यावर ठाण मांडून बसली.

"अहो, हवी तेवढी धनुष्यं करा. पण लाकूड बाहेरून आणा, तोवर मी इथून उठत नाही!"