टाकीवरची तपासणी

हॅलो? … हॅलो… हां वहिनी, बोल. … नाही गं, अजून टाकीवरच आहे. … हो, त्याच पाण्याच्या नव्या टाकीवर, दुसरीकडे कुठे जाणार!

अगं, कसली सही? ऐक ना. कंत्राटदार मजुरांना कायद्याप्रमाणे वागवतो, असं मी लिहून द्यायचं. सरकारी काम आहे, त्याशिवाय पुढे सरकत नाही. पण माझा हात धजत नाहीये.

… बोलले ना. एकेका मजुराला या पत्र्याच्या खोलीत बोलावून. मुकादमाला म्हटलं, बाहेर थांबा, तर म्हणे पाय मुरगळलाय. बसलाय कोपऱ्यात, सतरंजीवर खुर्ची टाकून. मी आल्यापासून पाण्यालाही उठला नाही.

सगळ्यांचं एकच उत्तर गं. सुट्टी मिळते का? मिळते बाई. जास्त वेळ थांबवतात का? नाही बाई. एकाच जागी थांबतात, एकाच जागी हसतात.

मग हात बघितले त्यांचे. … भविष्य नाही गं सांगत! सिमेंटनं माणसाचे हात फाटतात. यांचे तुझ्याहून मऊ. … बरं बाई, तुझे खरबरीत, झालं समाधान?

आणि ती राहायची शेड… आल्या आल्या डोकावले होते. चहाच्या ग्लासांतून वाफा निघतायत. रेडिओ चालू. दोरीवर शर्ट ठिबकतायत. आणि माणूस एक नाही! … विचारलं ना. म्हणे, गावाला गेलेत सुट्टीवर. अगं पण चपला दारातच! … ढीग होता नुसता. अनवाणी गेले का गावाला?

… हळूच बोलतेय. मुकादम बघतोय माझ्याकडे.

थांब. … ऐकलंस? ठक… ठक. जमिनीतून येतंय गं. … मगाशी पण आलं होतं, तेव्हा हा मोठमोठ्यानं खोकला. … पाइपात हवा? का, तिकडून टाकीत पाणी सोडलंस? … गळतीची चाचणी? ती उद्या होती ना? … आजच उरकलीस! उद्या मोकळं व्हायला! … कुणालाच नाही कळवलंस? … मी इथे आल्यामागोमाग सोडलंस? बरं, बरं. तू इंजिनियर, तुला कळतं. असेल हवा.

परत… थांब हं, टाच आपटून बघते.

…

वहिनी. आवाज थांबला. … मी आपटली आणि तो थांबला. पाइप दचकतो का गं?

… नाही, मस्करी नाही करत. ही पत्र्याची खोली कशावर आहे? … टाकीच्या स्लॅबवर. … आणि आत उतरायचं झाकण? … कोपऱ्यात. … हो. हो, कळलं.

मुकादम, असे पांढरेफटक का पडलात?

वहिनी, पाणी बंद कर. … आत्ताच्या आत्ता! … लेखी कसलं मागतेस, माणसं आहेत आत! … अगं टाकीत! मला दाखवायला भाड्याची माणसं आणून बसवली. ज्यांना ना सुट्टी ना विमा, ती खरी खाली कोंबली. … तुला कुठे माहीत होतं? रडू नकोस. व्हॉल्व्हचं चाक फिरव. दोन्ही हातांनी! फोन खाली ठेव, पण चालू राहू दे!

उठा, मुकादम! … उठला. पाय ठणठणीत आहे मेल्याचा! अहो, दारातले तुम्ही सगळे, बघताय काय? आत या. सतरंजी ओढा. … हेच. धरा कड. लावा जोर!

वहिनी? फिरलं का? … थोडं राहिलंय? फिरव, फिरव… निघालं झाकण. काळोख आहे गं सगळा. … बॅटरी द्या कुणीतरी! … पाणी दिसतंय. … नाही, माणूस नाही दिसत. … थांब…

डोकी. डोकी आहेत गं, वहिनी. हनुवटीपर्यंत पाणी आलंय. सगळे वर बघतायत, आणि कुणी हूं की चूं करत नाही.

अरे, या वर! शिडी आहे, धरा ना! … अगं, कुणी हलतच नाहीये. मला भीती वाटतेय. … काय रे? काय म्हणालास? मोठ्यानं बोल, बाबा…

…

… आहे गं, आहे मी लाइनवर. तो विचारतोय… तपासणीची बाई गेली का? … मलाच विचारतोय. … यांना सांगून ठेवलंय, ती जाईपर्यंत वर यायचं नाही. दिसलात तर ती तुरुंगात टाकते. …

हो रे बाबांनो… हो. गेली ती. केव्हाच गेली. … मी? मी कुणी नाही. या, वर या. हात दे, हां… असा…

ठेवते गं वहिनी. मला दोन्ही हात लागणार.