सुई देण्याआधीच पान्हा

जबाब : दशरथ भाऊराव परब, वय ३६ वर्षे, धंदा औषध कंपनीत रसायनतज्ज्ञ, राहणार मरोळ गाव, अंधेरी (पूर्व), मुंबई. दिनांक ९ डिसेंबर १९७२.

दवाखान्यातून वर्दी आल्यावरून मला ठाण्यावर बोलावले, म्हणून समक्ष सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी रत्नप्रभा हिच्यासह राहतो. माझ्या कपाळावरचे टाके शेजारीण सखुबाई म्हात्रे यांनी मारलेल्या पितळी चरवीमुळे पडले. चरवी त्यांची, कपाळ माझे, आणि दोषही माझाच.

मी कंपनीत ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य कृत्रिम रीतीने तयार करण्याचे काम करतो. बाईला बाळंतपणाच्या कळा येतात आणि जनावराला पान्हा फुटतो तो याच द्रव्याने. हवालदारसाहेबांनी समजेल असे बोला म्हटल्यावरून सांगतो की, ती नऊ मण्यांची साखळी असते. राळेच्या, म्हणजे रेझिनच्या, रव्याएवढ्या दाण्यांवर पहिला मणी पक्का करायचा, धुवायचे, त्याला दुसरा जोडायचा, पुन्हा धुवायचे, असे क्रमाने. अशा असंख्य साखळ्या एकदम वाढतात आणि सगळ्या तंतोतंत सारख्या निघाव्या लागतात. माझ्या निघत नाहीत. काहींत मधलाच मणी गळतो आणि त्या लंगड्या साखळ्या चांगल्यांत मिसळून बसतात. कंपनीत मला मागून पटवेकरी म्हणतात. खरा पटवेकरी निदान मंगळसूत्र ओवून पुरे तरी करतो.

सखुबाईंकडे एकच म्हैस आहे. तिचे रेडकू गेल्या आठवड्यात मेले. तेव्हापासून ती कासेला हात लावू देईना. दूध नाही तर वैरण कुठून आणू, म्हणून सखुबाईंनी ती खाटकाला द्यायचे ठरवले. तो शनिवारी, म्हणजे आजच, येणार होता. मी त्यांना म्हणालो, "माझ्या औषधाने पान्हा सोडेल ती."

त्या म्हणाल्या, "पोर गेलंय रं तिचं. तुजी सुई काय पोर आननार हाय?"

तरी मी कंपनीतून ताज्या घाण्याची होती ती एकच कुपी परवानगीशिवाय डब्यात लपवून आणली. एवढी घाई कशाला, असे विचारल्यावरून सांगतो की, कंपनीची तपासणी होईपर्यंत म्हैस उरली नसती. गेल्या वर्षी रत्नप्रभाच्या कळा मधेच थांबल्या, सुई वेळेवर मिळाली नाही आणि आमची मुलगी पोटातच गेली. तेव्हापासून मला कशाचीच वाट पाहवत नाही.

आज सकाळी आम्ही गोठ्यात गेलो. मी सुई भरत होतो. रत्नप्रभा म्हशीच्या गळ्याखाली खाजवत हलक्या आवाजात काहीतरी बोलत होती. काय ते मला ऐकू आले नाही. म्हशीने मान तिच्या खांद्यावर टाकली. सखुबाईंनी सडाला हात लावला आणि चरवीत धार वाजली.

रत्नप्रभा म्हणाली, "अहो, बघा ना! सोडला तिने!"

कोणीही शहाणा माणूस आनंदला असता. मी ओरडलो, "थांबा! अजून सुई दिलेली नाही!" आधीच दूध आले तर औषधाचा पुरावा काय राहणार, एवढेच माझ्या डोक्यात होते. मी चरवी ओढली. दूध शेणात सांडले. सखुबाई म्हणाल्या, "मेल्या, तुजा परयोग गेला खड्ड्यात!" आणि तीच चरवी मला हाणली. मी खाली बसलो. हातातून सुटलेली कुपी सुईसकट म्हशीच्या खुराखाली फुटली. तिच्यातल्या साखळ्या सारख्या होत्या की लंगड्या, हे आता कोणालाच कळणार नाही.

माझी सखुबाईंविरुद्ध तक्रार नाही. त्यांनी खाटकाला परत पाठवले. दोन्ही वेळेला धारेला रत्नप्रभाने यावे, असे त्यांनी सांगितले आहे, आणि मी येऊ नये, असेही. कुपीचा प्रकार मी सोमवारी कंपनीत स्वतः सांगणार आहे. नोकरीचे काय होईल ते होवो.

हा जबाब मला वाचून दाखवला. तो घडले त्याच क्रमाने आहे. आमच्या मुलीविषयीचे लिहू नका, असे मी हवालदारसाहेबांना सांगितले होते, पण वाचताना ते मधे ऐकू आले. ते गाळू नये, मधला मणी गळायला नको. सर्व मजकूर बरोबर आहे.

सही : द. भा. परब