भरल्यावरचा वेग

सन्माननीय अध्यक्षमहोदय, म्हणजे आपल्या सगळ्यांचे दादा, या संकलनगृहाचे मालक. आज प्रमुख पाहुणे म्हणून आलेले, आपल्याला साठवणीची यंत्रं पुरवणारे विक्रेते साहेब. व्यासपीठावर माझ्या शेजारी बसलेल्या आपल्या मुख्य संकलक, ज्यांना सगळे प्रेमाने आणि थोडं घाबरून कात्रीबाई म्हणतात. समोर बसलेले माझे सहकारी. आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत, कुणाला दिसू नये अशा बेताने बसलेल्या आमच्या घरच्या. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सत्काराला उत्तर द्यायची मला सवय नाही. गावच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धेत मी नेहमी तिसरा यायचो, कारण भाग घेणारे तिघेच असायचे. तेव्हा मोठं काही बोलत नाही. मागच्या महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी मी काय केलं, तेवढं सांगतो.

त्या सकाळी मी कोठीत अडकलो.

नव्या मंडळींनी कोठी पाहिली नसेल. तळमजल्यावरची बिनखिडकीची गार खोली. लोकांची लग्नं, शाळांची संमेलनं, आजारी माणसांनी नातवंडांसाठी बोलून ठेवलेले चार शब्द, आपण चित्रित केलेलं सगळं तिथे राहतं. आधी फिती होत्या. मग हार्ड डिस्क आल्या, त्यांची आत घरघर चालायची, निदान सोबत वाटायची. आता हे एसएसडी. आत काही फिरत नाही, आवाज नाही. तळहातावर मावणारी चपटी डबी आणि तिच्यात अख्ख्या गावाची लग्नं. या मौनी मंडळींचा मी सांभाळकर्ता. म्हणून तुम्ही मला कोठीवाले काका म्हणता.

कोठीत मी एक नियम घातलेला आहे. नवा ड्राइव्ह आला की त्याच्यावर लगेच विश्वास टाकायचा नाही. तो काठोकाठ भरायचा, आणि भरल्यावर त्याचा वेग मोजायचा. भरायला सुरुवात करताना मी हात जोडतो. कात्रीबाई एकदा दारातून म्हणाल्या होत्या, "काका, आज देवाकडे किती वेग मागितलात?" मी म्हणालो, "वेग नाही मागत. एवढंच म्हणतो, की कुणाचं काही माझ्या हातून हरवू देऊ नकोस."

त्या मंगळवारी असाच एक मोठा ड्राइव्ह भरत आला होता, म्हणून मी इतरांच्या आधी, अगदी लवकर आलो होतो. दादांनी तीन नमुने मागवले होते आणि विचारलं होतं, "यातला घ्यायचा कुठला?" विक्रेते साहेब, आपली क्षमा मागून सांगतो. डब्यावर छापलेला वेग खोटा नसतो, पण तो रिकाम्यापोटीचा असतो.

पहिल्या ड्राइव्हचं नाव मी पाव्हणा ठेवलं. आल्या आल्या काय तो उत्साह! सुरुवातीला असा धावला, की मी घड्याळ तपासलं. पण त्याच्याकडे वेगाने लिहायची जागा अगदी थोडी असते. ती भरली, आणि पाव्हण्याने पाय पसरले. जुन्या हार्ड डिस्कसुद्धा बऱ्या म्हणायची वेळ आली. छोट्या कामाला ठीक. दिवसभर चित्रीकरण ओतायचं असेल तर डोक्याला ताप.

दुसरा मास्तर. पहिल्या तासाला जसा, तसाच शेवटच्या तासाला. भरत आला तरी चाल बदलली नाही. पण महाग, आणि त्याच किमतीत जागा जवळजवळ निम्मी. संकलनाच्या टेबलावर, जिथे रोज लिहायचं आणि रोज पुसायचं, तिथे मास्तरच हवा. कारण या वस्तू लिहून लिहून झिजतात. ड्राइव्ह किती लिखाण सोसेल तेही कंपनी सांगून ठेवते, आणि मास्तरची सोसायची ताकद सगळ्यांत जास्त.

तिसरा हत्ती. प्रचंड पोट. एकेका कप्प्यात दाटीवाटीने कोंबलेलं, म्हणून लिहिताना मंद. पण एकदा लिहिलं की वाचून दाखवायला चटपटीत. जागेच्या मानाने सगळ्यांत स्वस्त. कोठीत एकदा ठेवायचं आणि मागतील तेव्हा काढून द्यायचं, एवढंच काम असतं. तिथे मास्तरला बसवणं म्हणजे पैसा वाया. तेव्हा दादा, टेबलावर मास्तर, कोठीत हत्ती, आणि पाव्हण्याला चहा देऊन वाटेला लावायचं. हत्तीच्या दोन प्रती मात्र नेहमी ठेवायच्या, आणि त्यांना विसरून कपाटात कोंडायचं नाही. फार काळ वीज मिळाली नाही, तर हे ड्राइव्ह हळूहळू विसरायला लागतात. अधूनमधून जोडून, बघून, परत ठेवावं लागतं.

हे मी घरी सांगितलं तेव्हा ही म्हणाली होती, "म्हणजे यंत्रालासुद्धा अधूनमधून घरी यावं लागतं तर."

आमची ही गावच्या शाळेत शिकवते. मी इथे भाड्याच्या खोलीत. मी कोठीत आलो तेव्हा ठरलं होतं, की फिती सगळ्या डिस्कवर चढल्या की परत यायचं. त्या चढल्या. दादा म्हणाले, "एवढ्या डिस्क जुन्या होतायत, त्या नव्यावर घ्या आणि मग जा." घेतल्या. तोवर चित्रीकरण दुप्पट स्पष्ट व्हायला लागलं, जागा दुप्पट लागायला लागली, मोठे ड्राइव्ह आले. "काका, एवढी तुलना करा आणि मग जा." दादा, तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत. आईच्या आजारपणात रजा मागायच्या आत दिलीत. चांगल्या माणसाला नाही म्हणणं किती अवघड असतं, हे कुणाला सांगायला हवं का? आणि खरं सांगायचं तर मलाही प्रत्येक वेळी वाटायचं, हे एवढं भरू दे.

ही दर सुट्टीला विचारायची, "कधी येताय?" मध्येच टोमणा मारायची, "लोकांची लग्नं सांभाळता, आपलं कोण सांभाळतंय?" मी हसण्यावारी न्यायचो. मग एका सुट्टीत मी गेलो, राहिलो, निघालो, आणि एसटीत बसल्यावर लक्षात आलं की या वेळी तिने विचारलंच नाही. पुढच्या वेळीही नाही. भांडण नाही, राग नाही. डबा बांधून देते, पोहोचल्यावर फोन करा म्हणते, बस. मंडळी, मला कशाची भीती वाटली असेल तर त्या न विचारण्याची.

तर तो मंगळवार. ड्राइव्ह भरला, मी वेग लिहून घेतला आणि तेवढ्यात इमारतीची वीज गेली. यंत्रं बॅटरीवर होती, त्यांचे हिरवे ठिपके लुकलुकत राहिले. बाकी अंधार. बाहेर पडायला कार्ड लावलं. नेहमीसारखा आवाज झाला नाही. परत लावलं, पुसून लावलं, उलटं लावलं. दारावर थाप मारली. एवढ्या सकाळी ऐकणार कोण? शेवटी स्टूल ओढलं आणि दाराकडे तोंड करून बसलो. मनात नामस्मरण सुरू केलं. वाटलं, देवाने बसवलंय तर बसू.

तेवढ्यात हिचा फोन आला. शाळेला निघण्याआधी करते रोज.

"कुठे आहात?"

"कोठीत. अडकलोय. वीज गेली, कार्ड चालत नाही."

"मग?"

"मग काय, बसलोय. येईल कुणीतरी."

"दार ओढून बघितलंत?"

"तसं ओढायचं नसतं. आवाज झाल्याशिवाय दार ओढू नये, असं लिहिलंय."

"कुणी लिहिलंय?"

मी मोबाइलचा उजेड दारावर टाकला. कागद पिवळा पडलेला, कोपरे चिकटपट्टीने डकवलेले. अक्षर माझंच. कुलूप खराब होऊ नये म्हणून मीच कधीतरी लावला होता.

"मीच," मी म्हणालो.

मला वाटलं हसेल. हसली नाही. मग म्हणाली, "माझी घंटा होईल आता," आणि फोन ठेवला.

मी उठलो आणि मूठ ओढली. दार उघडलं. जोरसुद्धा लावावा लागला नाही. नंतर वीजतंत्र्याने सांगितलं, ते कुलूप विजेच्या जोरावर धरून ठेवतं. वीज गेली की आपोआप सोडतं, आत माणूस अडकू नये म्हणूनच. म्हणजे मी हात जोडून सुटकेची वाट बघत होतो, तेवढा सगळा वेळ दार उघडं होतं. देवाने आणखी काय करायचं होतं हो?

त्याच दिवशी दादांना भेटलो. म्हणालो, आता जातो. दादा म्हणाले, "आधी सत्कार तर होऊ दे, मग बघू." आज सत्कार झाला. आणि मघाशी दादांनी आपल्या भाषणात जाहीर केलं की नव्या जागेत याच्या चौपट मोठी कोठी होते आहे आणि तिचा प्रमुख मीच. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. दादांनी मखमली पेटीतून सगळ्यांत मोठा हत्ती मला भेट दिला. टाळ्या चालू होत्या तेव्हा मी मागच्या रांगेकडे पाहिलं. ही टाळ्या वाजवत होती. सगळ्यांसारख्याच, मोजून मापून.

दादा, रागावू नका. तुमच्यासमोरच्या पाण्याच्या पेल्याखाली काय आहे ते जरा पाहा. मी व्यासपीठावर चढतानाच ठेवलं होतं. ते माझं कोठीचं कार्ड आहे. कात्रीबाईंना मी महिनाभर सगळं शिकवलं आहे. काल त्यांनी एक ड्राइव्ह एकटीने भरला आणि मोजला, आणि माझी एक चूकही काढली. त्या मघाशी हळूच म्हणाल्या, "काका, अडलं तर फोन करू ना?" जरूर करा. पण आधी दार ओढून बघा. तो कागद मी आज सकाळी काढून टाकला आहे.

बोलण्याच्या भरात कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, विक्रेते साहेबांच्या मालाबद्दल एखादा शब्द कडू गेला असेल, दादांचं मन दुखावलं असेल, तर गावच्या शाळेतला तिसऱ्या नंबरचा विद्यार्थी म्हणून सांभाळून घ्या. इतकी वर्षं तुम्ही मला आपला मानलंत, त्याबद्दल मनापासून आभार. दादा, तुमची भेट मी घेऊन जातो आहे. आयुष्यात पहिल्यांदाच एक ड्राइव्ह मी भरून बघणार नाही. तो रिकामाच घरी नेणार आहे.

भाड्याच्या खोलीची किल्ली सकाळीच घरमालकांना देऊन झाली. मागच्या रांगेत आमच्या हिच्या खुर्चीखाली जी ट्रंक आहे, ती माझी. ती कुणाची, हे तिलाही आत्ताच कळतंय.