पळून जायचा कप्पा

सासू : आणि हा लाल ठिपका कशाला लावलाय याला? गोवर आलाय का पुस्तकाला?

सून : आई, आधी बसा बघू. आत्ताच तर लेकीकडून आलात. डोळ्यावर ताण नको.

सासू : ऑपरेशन डोळ्याचं झालंय, पायाचं नाही. पंधरा दिवस घराबाहेर काय राहिले, माझं कपाट ओळखू येईना. कुणी लावलं हे?

सून : मी. तुम्हाला बरं वाटेल म्हणून. सगळा नुसता काला झाला होता! कादंबरीला खेटून पाकक्रिया, प्रवासवर्णनाच्या डोक्यावर बागकाम. कॉलेजच्या लायब्ररीत काम करते मी, मला बघवेना. आता कसं, कथा वेगळ्या, चरित्रं वेगळी, नाटकं वेगळी.

सासू : पण ‘आज जरा चरित्र वाचू’ असं म्हणत कोण उठतं गं? मी उठते ती चिडलेली उठते, नाहीतर कंटाळलेली. वरचा कप्पा रागाचा होता. बागकाम तिथं, कारण त्यात कुणी कुणाला उलटून बोलत नाही. दुसरा ताप आल्यावरचा. त्यात अक्षर मोठं हवं आणि कुणी मरायला नको. तिसरा रडायचा.

सून : रडायचा? तिथं तर विनोदी नाटक होतं. मला वाटलं, चुकून गेलं असेल.

सासू : तुझे सासरे दवाखान्यात तेच मोठ्यानं वाचायचे. शेजारच्या खाटेवरचा माणूस पोट धरून हसायचा. दुसरा अंक वाचायचा राहिला, तो राहिलाच.

सून : मला कुठं माहीत होतं, आई.

सासू : तोंड होतं ना विचारायला? बरं, खालच्या कप्प्यातलं रेल्वेचं वेळापत्रक कुठाय?

सून : ते... रद्दीत टाकलं. केवढं जुनं! त्यातल्या निम्म्या गाड्या आता धावतसुद्धा नाहीत.

सासू : रद्दीत! अगं, तो पळून जायचा कप्पा होता!

सून : कुणी पळून जायचं?

सासू : मी! तुझ्या सासऱ्यांशी वाजलं की मी वेळापत्रक उघडून बसायचे आणि गाडी शोधायची. बरी गाडी नेमकी दुपारची असायची. तोवर कुकर लावून व्हायचा, राग निवायचा, आणि मी राहायचे. अख्खा संसार त्या वेळापत्रकाच्या जिवावर केलाय मी. हसतेस काय? ठिपक्यांचं सांग आधी.

सून : हिरवा ठिपका म्हणजे ठेवायचं. लाल म्हणजे... सोसायटीच्या वाचनालयाला द्यायचं. चार वाजता माणसं येणार आहेत न्यायला. ह्यांनीच ठरवलं. मी म्हटलं होतं, आईंना विचारू या.

सासू : म्हटलंस, आणि ठिपके लावत बसलीस.

सून : हो. बसले.

(लॅचचा आवाज. मुलगा येतो.)

मुलगा : आलीस आई? वा! कपाट कसं चकाचक झालंय, बघितलंस?

सासू : माझी पुस्तकं कुणाला विचारून वाटतोयस तू?

मुलगा : अगं, चांगल्या कामाला देतोय. डॉक्टरांनी वाचायला मनाई केलीय ना? आणि त्या भिंतीशी व्यायामाची सायकल येतेय. तुलाही होईल.

सासू : डॉक्टर महिनाभर म्हणाले, तू जन्मठेप देऊन मोकळा झालास. आणि सायकल कसली, तर जागची न हलणारी!

मुलगा : आई, मी सेक्रेटरींना शब्द दिलाय.

सासू : शब्द तुझा, पुस्तकं माझी. शब्द पाळायचाय ना? तुझे बूट दे. दाराशी पाय ठेवायला जागा नाही.

मुलगा : हट्ट करू नकोस. लोक काय म्हणतील?

सासू : म्हणू देत. यातलं एक जरी पुस्तक दाराबाहेर गेलं, तर मागोमाग मी जाते की नाही बघ. आणि या खेपेला कुकर लावून नाही जाणार.

मुलगा : अगं, तू तरी समजाव हिला. तुझ्याच विषयातलं आहे.

सून : समजावते ना. अहो, चार वाजता कुणी येणार नाही. सेक्रेटरींना मीच फोन करते.

मुलगा : तू करणार?

सून : हो, मी. लग्नात आणलेली माझी पुस्तकं अजून पलंगाखाली खोक्यात पडलीत. ती आता याच कपाटात येतील. आई, चालेल ना?

सासू : चालेल काय, धावेल!

मुलगा : म्हणजे दोघी एक झालात. मी काय एवढं वाईट केलं?

सासू : वाईट नाही रे. न विचारता केलंस.

सून : ठिपके मी काढते. आई, कुठलं कुठं ते तुम्ही नुसतं सांगत जा. नशीब, रद्दी अजून गॅलरीतच आहे. (गॅलरीत जाऊन येते.) हे घ्या वेळापत्रक. कोपरा तेवढा दुमडलाय.

सासू : तो मीच दुमडलेला. खालच्या कप्प्यात ठेव.

मुलगा : पण आई, आता बाबा नाहीत. भांडणार कुणाशी तू? कशाला हवंय ते?

सासू : तू आहेस की.

सून : खालीच ठेवते, आई. माझाही हात पोचतो तिथं.