विहिरीतली गुणगुण

मला सगळे अण्णा म्हणतात. वय ५२ वर्षे, धंदा विहिरींतला गाळ काढणे, राहणार पाण्याच्या जुन्या टाकीमागे.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन सांगतो की, धाकट्या बहिणीचे मालक, म्हणजे माझे दाजी, माझ्यासोबत याच धंद्यात होते. ते विहिरीत उतरत, मी वर दोर धरत असे. माझे गुडघे गेल्यापासून हे असेच ठरलेले होते.

काल आम्ही लॉन्ड्रीवाल्या बाईंच्या विहिरीवर गेलो. तिला उन्हाळ्यातही पुरुषभर पाणी असायचे. मागच्या भिंतीपलीकडे बिनखिडक्यांची मोठी इमारत झाली, तेव्हापासून पाणी उतरत गेले. लोक मोबाईलवर यंत्राला जे काय विचारतात, त्याची उत्तरे त्या इमारतीत तयार होतात म्हणे. तिथले संगणक तापतात. त्यांना गार ठेवायला दिवसरात्र पंखे चालतात आणि जमिनीखालचे पाणी लागते. विहिरीचा तळ उघडा पडला, म्हणून बाईंनी आम्हाला बोलावले.

उतरण्याआधी दाजींनी गंमत म्हणून मोबाईलवर त्या यंत्रालाच विचारले, इथले पाणी किती खाली गेले? स्थानिक जाणकाराला विचारा, असे उत्तर आले. दाजी म्हणाले, “बघा अण्णा, सगळं पाणी पिऊन शेवटी आपल्याकडेच बोट.”

आमच्या धंद्यात रीत आहे. गाळ हलला की कधी वाईट हवा सुटते, तिचा वासही येत नाही. म्हणून खालच्याने सतत गुणगुणत राहायचे आणि वरच्याने कान तिकडे ठेवायचा. गुणगुण थांबली की विचार न करता दोर ओढायचा. दाजींच्या कमरेला दोर होता. आधी कंदील सोडून पाहिला, तो विझला नाही.

ऊन चढल्यावर पलीकडच्या पंख्यांनी जोर धरला. तो आवाज विहिरीच्या तोंडाशी घुमतो. मला खालून गुणगुण ऐकू येत होती. बाईंनी चहा दिला, तो मी प्यायलो. बाई म्हणाल्या, “आज सूर चांगला लागलाय त्यांचा.” मी हो म्हणालो. गाळाचा डबा भरल्याची खूण खालून येईना म्हणून हाक मारली. उत्तर आले नाही, गुणगुण चालूच होती. मला वाटले, माणूस गाण्यात रंगलाय. दुसऱ्या हाकेलाही गुणगुण तशीच चालू राहिली. मी आणि बाईंनी दोर ओढला. दाजी वर आले ते गेलेलेच होते. त्यांना जमिनीवर निजवले, तरी विहिरीतून गुणगुण येत होती.

कोणावर संशय आहे का, असे साहेबांनी विचारले. मी म्हणालो, इमारतीचे लिहा. साहेब म्हणाले, “अहो, पंख्याच्या आवाजावर गुन्हा कसा दाखल करू?” तर मग माझी तक्रार नाही असेही लिहू नका. दोर माझ्या हातात होता, तेही लिहा.

बहीण रडली नाही. तिने एवढेच विचारले, “अण्णा, शेवटी कुठलं गाणं गुणगुणत होते?” दाजी कुठे थांबले आणि पंखे कुठून सुरू झाले, हे मला माहीत नाही. मी तिला तिच्या आवडीच्या एका गाण्याचे नाव सांगितले. तेव्हापासून ती तेच म्हणत बसली आहे. मी सांगितले ते खोटे आहे. इथे खरे लिहून घ्यावे, घरी कळवू नये, ही विनंती.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी नीट ऐकला. सांगितला तसाच लिहिला आहे, म्हणून खाली सही करतो.