बटणांच्या दुकानातली सही

सही माझीच आहे, साहेब, मी नाकारते कुठे — फक्त जरा हळू बोला, शेजारी ऐकू जातं. हो, सिनेगॉग नको म्हणून जो अर्ज तुमच्या कचेरीत आलाय, त्यावरचीच. आणि आम्ही ज्यूच, बरोबर ऐकलंत. पाटीवर नुसतं ‘बटणं आणि दोरे’ आहे, म्हणून तुम्हाला कळलं नसेल. अकरा घरं आमची. इतकी वर्षं प्रार्थना दादाच्या माडीवर — दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, घड्याळं दुरुस्त करतो — दोन पलंगांच्या मधे पुरुष दाटीवाटीने उभे, आम्ही बायका जिन्यात. मग सिनेगॉगसाठी बर्फाचा जुना कारखाना मिळाला, आणि साठी उलटलेला दादा स्वतः भिंती घासायला लागला. आणि मी काय केलं? सही केली. समोरचा कुलूपवाला — ह्यांचा मित्र, हे गेल्यावर खांदा दिलेला माणूस — चौघांना घेऊन आला, कागद पुढे सरकवला. ‘वहिनी, सगळ्या गल्लीने केलीय.’ त्याला ठाऊक नव्हतं, आम्ही कोण ते? ठाऊक होतं हो, म्हणून तर आला. आदल्याच आठवड्यात दादाची खिडकी फुटलेली. दगड थेट उशीवर. दादा म्हणतो कसा, ‘उशी मऊ होती, दगडाला काही लागलं नाही.’ सगळे हसले. मला नाही हसू आलं. मी एकटी बाई, दुकानाला पुढून सगळी काचच — केली सही. तेव्हापासून दादा जेवायला बोलावतो, मी डोकं दुखतंय म्हणते.

खोडा ना ती, साहेब. नाही चालत? उद्याच्या सुनावणीत नावं मोठ्याने वाचणार — दादासमोर? आणि मागे घेते म्हणून लिहून दिलं, तर तेही वाचणार, कुलूपवाल्यासमोर. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

थांबा, उठू नका. द्या कागद. ‘भीतीपोटी केली होती, मागे घेते’ — एवढं पुरे ना? घ्या. लवकर ठेवा बॅगेत, नाहीतर मी फाडीन. देवा — तो बघा, दादाच रस्ता ओलांडतोय, अंगभर चुना. साहेब, उद्या त्याला तुमच्या तोंडून कळण्यापेक्षा मीच — तुम्ही निघा आता. निघा म्हणते ना.

ये, दादा. बस. नाही, डोकं नाही दुखत.